समुद्राचे माप आणि मापातले पाप

(किनारपट्टीवरील कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समुद्रात सांडणारे तेल, ते आकाशातून टिपणारे उपग्रह आणि त्या उपग्रहांच्या प्रतिमा घरी बसून तपासणारे सामान्य नागरिक, असा आजचा विषय आहे. वरवर पाहता हा तंत्रज्ञांचा विषय वाटतो, आणि कार्यकर्त्यांच्या वर्गात तो कशासाठी, असे कोणी विचारले तर त्यात नवल नाही. माझे उत्तर असे की, एक अतिशय जुना प्रश्न येथे नव्या वेषात उभा आहे. आपल्या खेड्यांतील सावकाराच्या घरी दोन पायल्या असत असे म्हणतात. धान्य देण्याची एक आणि घेण्याची दुसरी. त्या दोहोंतला फरक कुळाला कळत असे, पण तो सिद्ध करणे त्याच्या हाती नव्हते, कारण गावात तिसरी पायली नव्हती. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत अशाच अनुभवातून रुजला आहे.

समुद्राच्या बाबतीत वर्षानुवर्षे हेच चालत आले. ज्याच्या विहिरीतून वा जहाजातून तेल सांडले त्यानेच ते किती सांडले हे सांगायचे, शासनाने तो आकडा नोंदवून घ्यायचा आणि किनाऱ्यावरच्या माणसाने तो मान्य करायचा. खोल समुद्रात साक्षीदार कोठून आणणार? गेल्या पंचवीस वर्षांत मात्र समुद्रासाठी एक तिसरी पायली तयार झाली आहे. ती कशी तयार झाली, तिने काय साधले, ती कोठे अपुरी पडते आणि ती लोकांच्या हातून कशी काढून घेतली जाऊ शकते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

एक हजार, पाच हजार आणि साडेसव्वीस हजार

पहिले उदाहरण अमेरिकेचे आहे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या खोदाईच्या तराफ्यावर स्फोट झाला. अकरा कामगार मृत्युमुखी पडले. दोन दिवसांनी तराफा बुडाला आणि सुमारे दीड हजार मीटर खोलीवरील विहिरीतून तेल समुद्रात वाहू लागले. ही विहीर बीपी या ब्रिटिश कंपनीची होती. रोज किती तेल वाहते आहे, असा प्रश्न साहजिकच निघाला. प्रथम उत्तर आले, रोज एक हजार पिंपे. २८ एप्रिलला सरकारी शास्त्रज्ञांच्या सांगण्यावरून तो आकडा पाच हजार झाला, आणि त्यानंतर कित्येक आठवडे तो पाच हजारांवरच थांबून राहिला.

त्याच सुमारास वेस्ट व्हर्जिनियातील शेफर्ड्सटाऊन या छोट्या गावातून एक वेगळा आकडा पुढे आला. तेथे 'स्कायट्रूथ' नावाची एक लहानशी संस्था आहे. तिचे संस्थापक जॉन अमोस हे भूशास्त्रज्ञ. तेल आणि खाण कंपन्यांना उपग्रहांच्या प्रतिमांवरून भूगर्भातील साठे शोधून देण्याचे काम त्यांनी दहा वर्षे केले होते. ज्या प्रतिमांवरून संपत्ती शोधता येते त्याच प्रतिमांवरून त्या संपत्तीपायी झालेली नासाडीही दिसते, हे ध्यानात आल्यावर त्यांनी ती चाकरी सोडली आणि २००१ साली ही संस्था काढली. एप्रिल २०१० च्या अखेरीस त्यांनी उपग्रहांच्या प्रतिमांवरून तवंगाचे क्षेत्रफळ मोजले आणि अधिकृत आकड्याला जाहीरपणे हरकत घेतली. १ मे रोजी फ्लोरिडा राज्य विद्यापीठातील समुद्रशास्त्रज्ञ इयन मॅकडोनल्ड यांच्या साहाय्याने त्यांनी नवा हिशेब मांडला. रोज किमान साडेसव्वीस हजार पिंपे! म्हणजे सरकारी आकड्याच्या पाचपटींहून अधिक.

हा हिशेब करण्यासाठी कोणतेही गुप्त साधन वापरावे लागले नव्हते, हे आपण नीट लक्षात घेतले पाहिजे. तेलाचा थर एक मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग इतका पातळ आहे असे धरा. असा थर एक चौरस किलोमीटरवर पसरला असेल, तर त्यात एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर तेल असते. एका पिंपात १५९ लिटर मावतात. तेव्हा ती झाली साधारण सहा पिंपे. थराचा रंग पाहून त्याची जाडी अजमावता येते. रुपेरी झाक असेल तर थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. इंद्रधनुष्याचे रंग दिसले तर थोडा जाड. काळपट वा तपकिरी दिसला तर त्याहून कितीतरी जाड. क्षेत्रफळाला जाडीने गुणावे आणि गळती सुरू होऊन गेलेल्या दिवसांनी भागावे. शाळेतल्या मुलाला जमेल असा हा गुणाकार-भागाकार आहे. तो करण्याची बुद्धी सरकारजवळ होती आणि कंपनीजवळही होती. मग तो जाहीरपणे का झाला नाही?

याचे उत्तर दंडाच्या कायद्यात आहे. अमेरिकेच्या जलशुद्धता कायद्यानुसार दंड पिंपांच्या संख्येवर ठरतो. २०१० साली तो साध्या कसुरीला प्रत्येक पिंपामागे ११०० डॉलरपर्यंत आणि घोर निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास ४३०० डॉलरपर्यंत होता. म्हणजे आकड्यात एक लाख पिंपांचा फरक पडला तर दंडात ४३ कोटी डॉलरांचा फरक पडू शकत होता. ज्याला दंड भरायचा त्याच्याच हाती माप दिले, तर त्या मापाची पायली कोणती असेल हे सांगावयास नको.

पुढे काय घडले ते आता इतिहासजमा आहे. लोकप्रतिनिधींच्या दबावामुळे समुद्रतळाचे चलच्चित्रण जनतेला दाखवणे कंपनीला भाग पडले. शासनाने शास्त्रज्ञांचा स्वतंत्र गट नेमला. १५ जुलै रोजी विहिरीचे तोंड बंद झाले. गळतीचा प्रारंभीचा वेग रोज ६२ हजार पिंपे होता आणि शेवटी तो ५३ हजारांवर आला होता, असा त्या गटाचा निष्कर्ष निघाला. याचा अर्थ असा की, अतिरंजित म्हणून ज्यांची संभावना झाली त्या नागरिकांचा आकडाही प्रत्यक्षापेक्षा कमीच होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनीने चौदा फौजदारी गुन्हे कबूल करून चार अब्ज डॉलर भरण्याचे मान्य केले. अमेरिकन संसदेला गळतीच्या वेगाविषयी खोटी माहिती देऊन तिच्या कामात अडथळा आणणे, हा त्यांतलाच एक गुन्हा. २०१५ च्या जानेवारीत न्यायालयाने समुद्रात गेलेले तेल ३१ लाख ९० हजार पिंपे ठरवले. शासनाची मागणी त्याहून अधिकाची होती, कंपनीचे म्हणणे त्याहून कमीचे होते. न्यायालयातली लढाई अखेर मापावरच लढली गेली, हा यातला बोध आहे.

डोळ्यांआड चौदा वर्षे

मोठा अपघात झाला की निदान वृत्तपत्रे धावतात. पण जी गळती संथपणे वर्षानुवर्षे चालू राहते तिच्याकडे कोण पाहणार? दुसरे उदाहरण या प्रकारचे आहे. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन या चक्रीवादळात लुईझियानाच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर असलेला टेलर एनर्जी कंपनीचा तेलफलाट कोसळला. समुद्रतळाचा चिखल घसरला आणि फलाटाला जोडलेल्या दोन डझनांहून अधिक विहिरी त्याखाली गाडल्या गेल्या. त्यांतून तेल झिरपू लागले. कंपनीला ते ठाऊक होते, तटरक्षक दलाला ठाऊक होते, पण जनतेला ठाऊक नव्हते. २०१० साली बीपीच्या तवंगाच्या प्रतिमा तपासताना स्कायट्रूथच्या लोकांना त्या तवंगाशी संबंध नसलेला एक वेगळाच पट्टा दिसला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या दिवशी पाहिला. पट्टा हटेना.

२०११ साली स्कायट्रूथ, 'साऊथविंग्ज' ही स्वयंसेवक वैमानिकांची संस्था आणि नद्या-किनाऱ्यांचे रक्षण करणारी 'वॉटरकीपर' संघटना यांनी एकत्र येऊन आखातावर नजर ठेवण्याची व्यवस्था उभारली. प्रतिमेत संशयास्पद पट्टा दिसला की वैमानिक तेथे उडत जात, छायाचित्रे घेत आणि कंपनीने शासनाला दिलेली वर्दी त्यांच्याशी ताडून पाहत. २०१२ मध्ये वॉटरकीपर गटांनी कंपनीला न्यायालयात खेचले. कंपनी गळती अत्यल्प, दिवसाला काही गॅलन एवढीच आहे असे सांगत राहिली. २०१९ साली तटरक्षक दलाच्या पुढाकाराने समुद्रतळाशी तेल पकडण्याची यंत्रणा बसवण्यात आली, तेव्हा तिच्यात दिवसाला सुमारे हजार गॅलन तेल जमू लागले. काही गॅलन कोठे आणि हजार गॅलन कोठे! डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने दंड आणि नुकसानभरपाईपोटी ४ कोटी ३० लाख डॉलर देण्याचे आणि विहिरी बंद करण्यासाठी राखलेले ४३ कोटी २० लाख डॉलर शासनाच्या हवाली करण्याचे मान्य केले. चौदा-पंधरा वर्षे जे तेल अखंड वाहत होते ते थांबवण्याची हालचाल लोकांनी त्याकडे बोट दाखवल्यानंतर सुरू झाली.

तिसरे उदाहरण आपल्या आशिया खंडाजवळचे आहे आणि त्यात गरिबांच्या पोटाचा प्रश्न अधिक ठळकपणे दिसतो. २१ ऑगस्ट २००९ रोजी ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया यांच्या मधल्या तिमोर समुद्रात मोंटारा येथील विहीर फुटली आणि चौऱ्याहत्तर दिवस वाहत राहिली. तेव्हाही उपग्रहांच्या प्रतिमांवरून तवंगाचा विस्तार नागरिकांनीच जगापुढे मांडला होता. इंडोनेशियाच्या रोते आणि कुपांग भागांतील समुद्रशैवाल पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे पीक त्यानंतर नासले. तेल तुमच्या किनाऱ्यापर्यंत आलेच नाही, असे कंपनीचे उत्तर होते. पंधरा हजारांवर शेतकऱ्यांच्या वतीने ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयात दावा चालला. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने तेल त्या किनाऱ्यावर पोहोचले आणि त्याने पीक नासले हे मान्य केले. २०२२ मध्ये कंपनीने १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन तडजोड केली. तेरा वर्षे! एवढ्या काळात किती घरांतली मुले शाळेतून उठली असतील आणि किती घरे कर्जात बुडाली असतील, याचा हिशेब कोणत्याही प्रतिमेत सापडणार नाही.

तवंग दिसतो तो कसा

आता या साधनाच्या कार्यपद्धतीविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे, कारण ज्या साधनाचे गुणदोष आपणांस ठाऊक नाहीत ते हाती घेणे धोक्याचे असते.

साधे छायाचित्र घेणारे उपग्रह सूर्यप्रकाशावर अवलंबून असतात. ढग आले की ते आंधळे होतात. रडार असलेला उपग्रह मात्र स्वतःच लहरी सोडतो आणि त्यांचा परतलेला प्रतिध्वनी टिपतो. त्याला रात्र आणि ढग यांचा अडथळा होत नाही. वाऱ्याने समुद्रावर बारीक लहरी उठतात आणि त्यांवरून रडारच्या लहरी परततात, म्हणून समुद्र प्रतिमेत करडा दिसतो. तेलाचा थर पसरला की त्या बारीक लहरी दबतात, पाणी गुळगुळीत होते आणि तेथे काळा डाग उमटतो. कोळ्यांना ही गोष्ट रडारशिवायच ठाऊक आहे. तेल सांडलेल्या जागी पाणी 'मरते', हे त्यांचे डोळे केव्हापासून पाहत आले आहेत.

पण प्रत्येक काळा डाग तेलाचा नसतो. वारा पडला तर सारा समुद्रच काळा दिसतो. शेवाळाच्या फुलोऱ्याने, पावसाच्या सरींनी आणि किनाऱ्याच्या आडोशामुळेही डाग उमटतात. उलट वारा सोसाट्याचा असेल तर तेल घुसळले जाते आणि खरा तवंगही दिसेनासा होतो. शिवाय रडारला तेलाचा विस्तार दिसतो; जाडी मात्र बहुधा कळत नाही. म्हणून या कामात अनुभवी नजर लागते, वाऱ्याच्या नोंदी लागतात आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्यक्ष जाऊन पाहणारा माणूस लागतो.

अशी माणसे २०१० साली लुईझियानाच्या किनाऱ्यावर पुढे आली होती. विमानांच्या उड्डाणांवर निर्बंध घातले गेले होते, पत्रकारांना किनाऱ्यापासून दूर ठेवले जात होते. तेव्हा तेथील रहिवाशांनी आणि विद्यार्थ्यांनी पतंगांना आणि फुग्यांना स्वस्तातले कॅमेरे बांधले, ते दोरीने आकाशात सोडले आणि आपल्या दलदलींची नि पाणपक्ष्यांच्या बेटांची एक लाखाहून अधिक छायाचित्रे घेतली. ती जोडून त्यांनी स्वतःचे नकाशे तयार केले. त्या खटपटीतूनच 'पब्लिक लॅब' ही संस्था उभी राहिली. उपग्रह शेकडो किलोमीटर उंचावरून पाहतो. फुगा काही शे मीटरांवरून पाहतो. आणि होडीतला माणूस हात घालून तेल बोटाला लावून पाहतो. या तिन्ही नजरा एकत्र आल्या म्हणजेच पुरावा पुरा होतो.

ही प्रतिमा कोणाच्या मालकीची?

येथे मला आपले लक्ष एका मूलभूत प्रश्नाकडे वेधायचे आहे. नागरिकांना या प्रतिमा मिळाल्या कशा? त्या विकत घ्याव्या लागल्या असत्या तर ही सारी कहाणी घडलीच नसती.

लँडसॅट या अमेरिकन उपग्रहमालिकेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिला लँडसॅट १९७२ साली करदात्यांच्या पैशातून आकाशात गेला. १९८४ साली रेगन यांच्या राजवटीत कायदा करून या प्रतिमांचा व्यवहार खाजगी क्षेत्राकडे देण्यात आला. पुढच्याच वर्षी एका खाजगी कंपनीकडे विक्रीचे हक्क गेले आणि एका प्रतिमेची किंमत चार हजार डॉलरांवर जाऊन पोहोचली. संशोधक आणि विद्यापीठे यांना ती परवडेना. उपग्रह जनतेच्या पैशाचा, पण जनतेनेच त्यातून पाहायचे तर नव्याने तिकीट काढायचे, असा तो प्रकार होता. १९९२ साली कायदा बदलून हा व्यवहार पुन्हा शासनाकडे आला आणि २००८ मध्ये साऱ्या प्रतिमा विनामूल्य खुल्या झाल्या. परिणाम काय झाला? पूर्वी वर्षाला फार तर पंचवीस हजारांच्या आसपास प्रतिमा खपत. खुल्या झाल्यावर वर्षभरातच हा आकडा दहा लाखांच्या घरात गेला. प्रतिमांची गरज होतीच; किमतीने ती दाबून ठेवली होती.

युरोपीय राष्ट्रांनी ३ एप्रिल २०१४ रोजी सेंटिनेल-१ हा रडारधारी उपग्रह सोडला आणि त्याच्या प्रतिमा पहिल्यापासून सर्वांना मोफत ठेवल्या. आज तवंग शोधणाऱ्या नागरिकांचा मुख्य आधार तोच आहे. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. चीन आणि अमेरिका येथील शास्त्रज्ञांनी २०१४ ते २०१९ या काळातील सेंटिनेल-१ च्या पाच लाख साठ हजारांहून अधिक प्रतिमा तपासल्या होत्या. समुद्रावरील तवंगांच्या एकूण विस्तारापैकी ९४ टक्के विस्तार माणसाने सांडलेल्या तेलाचा आहे, असे त्यांना आढळले. त्यापूर्वीचा अंदाज निम्म्याच्या किंचित वर होता. उरलेले तेल समुद्रतळातून आपोआप झिरपते अशी समजूत होती. निसर्गाच्या खात्यावर टाकलेला केवढा मोठा भाग वास्तविक माणसाच्या खात्यावरचा होता, हे खुल्या प्रतिमांमुळे उघडकीस आले. आणि यांतले फार थोडे तवंग मोठ्या अपघातांचे असतात. रोजच्या रहदारीत जहाजे आपल्या तळाशी साचलेले तेलमिश्रित पाणी गुपचूप समुद्रात सोडतात. पाण्याच्या दशलक्ष भागांत पंधरा भागांहून अधिक तेल असता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण अंधारात हा नियम कोण पाळतो? जहाजाच्या मागे शेपटीसारखा लांबलचक तवंग आता रडारच्या प्रतिमेत दिसतो, आणि जहाजांच्या स्थानदर्शक संदेशांशी तो ताडून पाहिला तर जहाजाचे नावही हाती लागू शकते.

जे एकदा खुले झाले ते कायम खुले राहील, असे मात्र समजू नका. लँडसॅटच्या बाबतीत एकदा दार बंद झाले होते. अधिक बारकाव्याच्या प्रतिमा आजही खाजगी कंपन्यांच्या मालकीच्या आहेत, आणि प्रतिमा चाळण्यास लागणारी गणनयंत्रे बड्या मक्तेदारांच्या ताब्यात आहेत. सामान्य नागरिकाची नजर त्यांच्या मेहेरबानीवर अवलंबून राहिली, तर तिसरी पायलीही सावकाराच्याच घरी गेली असे म्हणावे लागेल.

दोन आक्षेप

या कार्यावर दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप अधिकाऱ्यांचा. ते म्हणतात, नागरिक चुकीचे निष्कर्ष काढतील, घबराट पसरेल, मासळीचा भाव पडेल. यातील शेवटच्या भीतीची मी टर उडवणार नाही. तेलाची अफवा उठली की कोळणीच्या टोपलीतली मासळी तशीच राहते, हे खरे आहे. पण त्यावरचा उपाय माहिती दडवणे हा नव्हे. माहिती दडवली की अफवेलाच राज्य मिळते. नागरिकांचा अंदाज चुकीचा वाटत असेल तर शासनाने आपली प्रतिमा, आपली वाऱ्याची नोंद आणि आपला हिशेब लोकांपुढे मांडावा. मेक्सिकोच्या आखातात नागरिकांनी आपल्या हिशेबाची प्रत्येक पायरी उघड केली होती. एक हजार आणि पाच हजार या आकड्यांच्या पायऱ्या मात्र झाकलेल्या राहिल्या. विज्ञाननिष्ठा कोणाकडे होती, हे आपणच ठरवा.

दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा आहे आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. ते म्हणतात, चित्रे पाहून काय होणार? सत्ता कंपनीची आणि चित्र आपले! हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. केवळ प्रतिमेने एकही विहीर बंद झालेली नाही. टेलरच्या प्रकरणात प्रतिमेमागे न्यायालयातला दावा होता, मोंटाराच्या प्रकरणात पंधरा हजार शेतकऱ्यांची एकजूट होती, बीपीच्या प्रकरणात पिंपागणिक दंड ठरवणारा कायदा होता. परंतु याची दुसरी बाजूही पाहा. संघटना आहे, कायदाही आहे, पण माप नाही, अशा स्थितीत संघटनेच्या हाती फक्त गाऱ्हाणे उरते. गाऱ्हाण्याला कार्यालयात पोच मिळते, भरपाई मिळत नाही. माप आणि संघटन ही दोन्ही चाके असल्याखेरीज ही गाडी चालणार नाही.

आपला किनारा

आता आपल्या घराकडे वळू. ज्या वर्षी मेक्सिकोच्या आखातात हे रामायण घडले त्याच वर्षी, ७ ऑगस्ट २०१० रोजी, मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडले आणि ऐन पावसाळ्यात आसपासच्या खाड्यांतील खारफुटीला काळा लेप बसला. पुढच्याच वर्षी ४ ऑगस्टला रॅक कॅरियर हे कोळशाचे जहाज मुंबईपासून काही मैलांवर बुडाले. त्याच्या टाक्यांत सुमारे २९० टन इंधनतेल होते. एका पर्यावरण कार्यकर्त्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज केला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने १०० कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला. एका नागरिकाच्या अर्जाने काय घडू शकते, याचे हे आपल्या दारातले उदाहरण आहे.

पण त्याहून परिचित अशी गोष्ट म्हणजे डांबराचे गोळे. पावसाळ्याच्या तोंडाशी वारा फिरला की गोव्याच्या आणि कोकणच्या वाळूवर काळे चिकट गोळे येऊन पडतात. रापणकारांच्या जाळ्यांना ते लागतात, पायाला चिकटतात, रॉकेलशिवाय निघत नाहीत. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या गोळ्यांचे रासायनिक ठसे तपासले आहेत. काही नमुने मुंबई हायच्या तेलाशी जुळणारे निघाले, तर काही जहाजांनी सोडलेल्या परदेशी तेलाशी. म्हणजे गोळा कोठल्या घराण्यातला हे विज्ञान सांगू शकते. तरीही दर वर्षी आपण तो ऋतुमानाचा भाग समजून झाडून टाकतो. किनारा झाडण्याची मजुरी पंचायतीच्या माथी, जाळे साफ करण्याची मेहनत रापणकाराच्या माथी, आणि ज्याने तेल सोडले तो समुद्रापार!

आपल्या पावसाळ्यात उपग्रहाची नजर किती पोचते, याविषयी भ्रम नको. ढगांतून रडार पाहू शकते, पण मोसमी वारे जोराचे असले की तवंगच घुसळून नाहीसा होतो. म्हणूनच आपल्याकडे आकाशातल्या नजरेइतकीच वाळूवरची नजर महत्त्वाची आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या वाडीपाशी, किती गोळे आले, वारा कोणत्या दिशेचा होता, ही नोंद ज्याच्या वहीत असेल तोच आधीच्या पंधरवड्यातील प्रतिमा काढून तवंगाचा माग काढू शकेल.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून निसार हा रडारधारी उपग्रह आकाशात गेला. भारताच्या आणि अमेरिकेच्या जनतेच्या पैशातून तो उभा राहिला आहे आणि त्याच्या प्रतिमा सर्वांना खुल्या ठेवण्याचे धोरण जाहीर झाले आहे. तो मुख्यतः जमीन आणि बर्फ यांसाठी आहे हे खरे, पण अशा प्रतिमांवर आपलाही हक्क आहे हे लक्षात ठेवण्यास तो प्रसंग पुरेसा आहे.

तेव्हा आपण काय मागावे? माझ्या मते चार गोष्टी मागाव्यात. तवंगांचा शोध घेणाऱ्या शासकीय यंत्रणांनी आपल्या प्रतिमा आणि निष्कर्ष दिनांकासह लोकांच्या भाषेत, मराठीत आणि कोकणीत, प्रसिद्ध करावेत. मच्छीमाराने दिलेली वर्दी नोंदवून घेऊन तिची पोच त्याच्या हाती दिली जावी. गळतीचे मोजमाप गळती करणाऱ्याकडे कदापि सोपवू नये. खर्च त्याचा असावा, माप स्वतंत्र असावे. आणि डांबरगोळ्यांचे नमुने दर वर्षी तपासून त्यांचे मूळ जाहीर करावे.

मागण्या करून थांबणे मात्र आपल्या परंपरेत बसत नाही. प्रत्येक वाडीत एक वही सुरू करा. महाविद्यालयातल्या दोन मुलांना प्रतिमा उतरवून वाचण्यास शिकवा. ते फार कठीण नाही. ती मुले आणि रापणीवरचे म्हातारे यांना एका पंगतीत बसवा. एकाला प्रतिमा वाचता येते, दुसऱ्याला पाणी वाचता येते. महिन्यातून एकदा वही आणि प्रतिमा शेजारी ठेवून पाहा. जे जुळेल ते लिहून काढा आणि ग्रामसभेपुढे, संघटनेपुढे, वेळ आली तर न्यायालयापुढे ठेवा. जे जुळणार नाही तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवा, कारण आपल्या मापात पाप नाही हे सिद्ध करण्याचा तोच एक मार्ग आहे.

समुद्र कोणाचा, हा वाद दीर्घकाळ चालेल. पण त्यावर झालेल्या जखमेची लांबी-रुंदी कोणी मोजायची, याचा निकाल लावण्यास आपल्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. पायली आपल्या हाती आलेली आहे. ती उचलून मापायला लागणे एवढेच काय ते उरले आहे.